एसीचं सर्व्हिसिंग दरवर्षी, मग गिझरचं कधी? आतला एक दांडा संपला की टाकीचे दिवस भरायला लागतात

दिवाळीची पहिली अंघोळ आली की घरोघरी गिझरची आठवण होते. महिनोनमहिने बंद असलेलं बटण दाबलं जातं, लाल दिवा लागतो, पाणी तापतं आणि विषय संपतो.

एसीला उन्हाळ्याआधी सर्व्हिसिंग लागतं, हे आपल्याला पाठ आहे. गाडीचं ऑइल कधी बदलायचं हेही माहीत असतं. पाण्याच्या फिल्टरवाला तर स्वतःच फोन करतो. पण बाथरूमच्या छताजवळ टांगलेल्या त्या पांढऱ्या डब्याचं झाकण बसवल्या दिवसापासून कुणी उघडलेलं नसतं. तो गळायला लागला किंवा पाणी तापायचं थांबलं, तरच आपण मान वर करून त्याच्याकडे बघतो.

आता जरा विचार करा. त्या डब्यात वीज आहे, पाणी आहे, उष्णता आहे आणि दाबही आहे. आणि त्याच्या खाली आपण रोज ओल्या अंगानं, अनवाणी उभे राहतो. घरातली दुसरी कुठलीच वस्तू आपल्याला अशा अवस्थेत गाठत नाही.

म्हणूनच हा डबा आत कसा चालतो, त्याची देखभाल म्हणजे नेमकं काय, कधी दुरुस्त करायचा, कधी भंगारात द्यायचा आणि गॅस गिझरची गोष्ट वेगळी का, हे सगळं एकदा नीट समजून घेऊ.

बंब आणि गिझर, फरक कुठे पडला?

गिझर यायच्या आधी आपल्याकडे तांब्याचा बंब होता. मध्ये जाळाची नळी, भोवती पाणी, खाली निखारे आणि बाजूला तोटी. रोज राख काढायची, लाकूड घालायचं, सणावाराला चिंचेनं घासायचा. म्हणजे बंबाची देखभाल वेगळी करावीच लागत नव्हती. तो ती रोज करवूनच घ्यायचा.

शिवाय त्यात दोन गोष्टी आपोआप जमून आल्या होत्या. एक म्हणजे पाणी ओतायचं तोंड वरून मोकळं असायचं. पाणी उकळलं तरी वाफ बाहेर जायची, दाब साठायचा नाही. दुसरं म्हणजे बंब बहुतेक अंगणात, परसात किंवा न्हाणीघराच्या बाहेर असायचा. धूर मोकळ्या हवेत जायचा.

'गिझर' हा शब्द मात्र थेट आइसलँडमधून आला. तिथे गरम पाण्याचे उसळणारे झरे आहेत आणि त्यातल्या एकाचं नाव 'गेसिर'. १८६८ साली लंडनमध्ये बेंजामिन वॉडी मॉन या माणसानं गॅसवर झटपट पाणी तापवणारं यंत्र बनवलं आणि त्याला या झऱ्याचं नाव दिलं. ते नाव इंग्रजांबरोबर आपल्याकडे आलं आणि इथेच राहिलं. पुढे १८८९ च्या सुमारास अमेरिकेत एडविन रूड या नॉर्वेहून आलेल्या इंजिनिअरनं टाकीत पाणी साठवून आपोआप तापवणारा हीटर तयार केला.

मॉनच्या यंत्रात एक मोठी खोट होती. जळलेला गॅस बाहेर जायला धुराडंच नव्हतं. ही गोष्ट लक्षात ठेवा, शेवटी तिच्याकडे परत येऊ.

आज आपल्या बाथरूममध्ये जो टाकीवाला गिझर आहे, तो बंबासारखा उघडा नाही. तो बंद टाकी आहे. आणि बंद टाकीत पाणी तापवायचं म्हटलं की काही राखणदार ठेवावेच लागतात.

डब्याच्या आत कोण कोण बसलंय?

झाकण उघडलं की मुख्य भाग पाच.

पहिली कॉइल. हिच्यातून वीज गेली की ती तापते आणि पाणी तापवते. घरगुती टाकीवाल्या गिझरची कॉइल साधारण २००० वॅटची असते. २५ लिटर पाणी २० अंशांवरून ६० अंशांवर न्यायला तिला सुमारे ३५ मिनिटं आणि जवळपास १.२ युनिट वीज लागते. तुमचा गिझर याच्यापेक्षा खूपच जास्त वेळ घेत असेल, तर काहीतरी बिघडलंय असं समजा.

दुसरा थर्मोस्टॅट. पाणी ठरलेल्या तापमानाला पोहोचलं की हा वीज तोडतो. लाल दिवा जातो तो याच्यामुळेच.

तिसरा थर्मल कटआउट. समजा थर्मोस्टॅट चिकटला आणि वीज तोडायचीच विसरला, तर हा दुसरा राखणदार पुरवठा बंद करतो. हा एकदा पडला की सहसा हातानं परत दाबावा लागतो.

चौथा सेफ्टी व्हॉल्व्ह. थंड पाणी जिथून आत येतं तिथे हा बसवलेला असतो. आतला दाब मर्यादेबाहेर गेला की हा थोडं पाणी बाहेर सोडतो.

आणि पाचवा म्हणजे मॅग्नेशियमचा दांडा. याचं नाव बहुतेकांनी ऐकलेलंच नसतं, आणि टाकीचं आयुष्य मात्र याच्यावरच ठरतं.

आता खरी धोक्याची गोष्ट. कटआउट वारंवार पडायला लागला की काही मेकॅनिक म्हणतात, "साहेब, डायरेक्ट करून देतो." म्हणजे कटआउट किंवा थर्मोस्टॅट वगळून वायर सरळ कॉइलला जोडायची. पाणी तापतं, काम स्वस्तात होतं, सगळे खूश. पण आता वीज थांबवणारं कुणीच उरलेलं नसतं.

असं केलं की काय होऊ शकतं? उघड्या पातेल्यात पाणी १०० अंशांना उकळतं. बंद टाकीत दाब वाढला की ते १०० अंशांना उकळत नाही, आणखी तापत राहतं. दाब बाहेरच्या हवेच्या पाचपट असेल, तर उकळायला जवळपास १५० अंश लागतात. अशा वेळी टाकी फाटली की दाब क्षणात उतरतो आणि त्या पाण्यातल्या बऱ्याच भागाची एकदम वाफ होते. पाण्याची वाफ झाली की ती सुमारे १६०० पट जागा मागते. गिझर फुटल्याच्या बातम्या आपण वाचतो, त्यामागचं गणित हेच. सहसा दोन-तीन राखणदार एकाच वेळी निकामी झालेले असतात, किंवा केलेले असतात.

व्हॉल्व्हमधून पाणी ठिबकतंय? आधी वेळ बघा

पाणी तापलं की पसरतं. १५ लिटर पाणी २५ अंशांवरून ६५ अंशांवर गेलं, तर ते जवळपास पाव लिटरनं वाढतं. हे वाढलेलं पाणी कुठेतरी जायला हवं. पण सेफ्टी व्हॉल्व्हमध्येच पाणी मागे जाऊ न देणारा पडदा असतो. त्यामुळे पाणी तापत असताना व्हॉल्व्हच्या तोंडातून थेंब-थेंब पडणं हे बिघाडाचं लक्षण नाही. व्हॉल्व्ह त्याचं काम करतोय.

मात्र गिझर बंद असताना, पाणी गार असतानाही धार चालू असेल, तर व्हॉल्व्ह खराब झालाय किंवा इमारतीच्या पाण्याचा दाबच जास्त आहे.

दोन्ही वेळेला एक गोष्ट कधीच करायची नाही. ते तोंड बूच, एमसील किंवा टेपनं बंद करायचं नाही. ठिबकणारं पाणी त्रासदायक वाटत असेल, तर तोंडाला छोटी नळी लावून ती फरशीजवळच्या जाळीपर्यंत न्या.

टाकी वाचवण्यासाठी स्वतः झिजणारा दांडा

याची गोष्ट दोनशे वर्षं जुनी आहे. ब्रिटिश नौदलाच्या लाकडी जहाजांच्या तळाला तांब्याचा पत्रा ठोकलेला असायचा आणि समुद्राच्या पाण्यात तो झिजायचा. १८२४ साली हम्फ्री डेव्ही या शास्त्रज्ञानं उपाय सांगितला. तांब्याला जस्ताचा किंवा लोखंडाचा तुकडा जोडा. दोन वेगळे धातू एकमेकांना जोडून पाण्यात ठेवले की त्यातला जास्त क्रियाशील धातू आधी गंजतो आणि दुसरा वाचतो. प्रयोग जमला. तांबं झिजायचं थांबलं, जस्त झिजायला लागलं.

गिझरमधला दांडा हेच काम करतो. टाकी पोलादाची असते आणि तिला आतून काचेचा मुलामा दिलेला असतो. पण त्या मुलाम्यात बारीक छिद्रं राहतातच. तिथे पाणी पोलादापर्यंत पोहोचतं. दांडा मॅग्नेशियमचा असल्यामुळे पोलादाच्या आधी तो गंजतो. रोज थोडा थोडा विरघळत जातो आणि टाकी शाबूत राहते.

अडचण एवढीच की दांडा संपला तरी बाहेर काहीच कळत नाही. दिवा लागतो, पाणी तापतं. पण त्या दिवसापासून गंज थेट टाकीला लागतो. काही काळानं एके दिवशी छताजवळून पाणी ठिबकायला लागतं आणि आपण म्हणतो, "अचानक कसा गळायला लागला?"

म्हणून दांडा वर्षातून एकदा उघडून बघायचा. निम्म्याहून जास्त झिजला असेल किंवा आतली तार दिसायला लागली असेल, तर बदलायचा. नव्या टाकीच्या मानानं हा भाग अगदीच स्वस्त आहे. प्लास्टिकच्या किंवा तांब्याच्या टाकीच्या काही मॉडेलमध्ये हा दांडा नसतो, त्यामुळे आधी आपल्या गिझरचं माहितीपत्रक बघा.

पाणी जड असेल तर गिझर लवकर थकतो

टँकरचं किंवा बोअरचं पाणी असलेल्या सोसायट्यांमध्ये ही तक्रार नेहमीची. नळाच्या तोंडाला पांढरा थर जमतो, साबणाला फेस येत नाही, डाळ शिजायला वेळ लागतो. पाण्यात कॅल्शियम आणि मॅग्नेशियमचे क्षार जास्त असल्याची ही खूण. पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकात कठीणपणाची अपेक्षित मर्यादा लिटरमागे २०० मिलिग्रॅम आहे, आणि दुसरा स्रोतच नसेल तर ६०० पर्यंत सूट आहे. दोन्ही आकडे नियमातच बसतात, पण गिझरला त्यातला फरक चांगलाच जाणवतो.

हे पाणी तापलं की विरघळलेले क्षार घट्ट होऊन सगळ्यात गरम जागी बसतात, म्हणजे थेट कॉइलवर. हा थर उष्णता अडवतो. कॉइल आत जास्त तापते आणि पाणी मात्र हळू तापतं. बिल वाढतं आणि शेवटी कॉइल जळते. गिझर चालू असताना तडतड किंवा खदखद असा आवाज येत असेल, तर थर जाड झालाय असं समजा.

इथे तापमानाचाही संबंध आहे. ६० अंशांच्या वर थर झपाट्यानं जमतो. त्यामुळे थर्मोस्टॅट शेवटच्या टोकाला नेऊन ठेवायची सवय सोडा. ५५ ते ६० अंश पुरेसे आहेत. फार खालीही नको, कारण साठलेल्या कोमट पाण्यात काही जंतू वाढू शकतात. आणखी एक कारण म्हणजे भाजणं. ६० अंशांचं पाणी पाचेक सेकंदांतच मोठ्या माणसाची कातडी भाजू शकतं, लहान मुलांना आणि म्हाताऱ्या माणसांना त्याहून कमी वेळ पुरतो. म्हणून बादलीत आधी गार पाणी, मग गरम पाणी. हा जुना नियम आजही बरोबर आहे.

नळाला हात लावला आणि झिणझिण्या आल्या तर?

तर अंघोळ तिथेच थांबवायची. ओल्या हातानं गिझरचं बटण बंद करत बसायचं नाही. बाहेर यायचं आणि घराच्या मुख्य बोर्डवरचं एमसीबी खाली पाडायचं. इलेक्ट्रिशियननं तपासेपर्यंत तो गिझर वापरायचा नाही. "थोडासाच करंट लागतो" असं म्हणून दिवस काढायचे नाहीत.

कॉइलच्या बाहेरच्या नळीला चीर गेली की वीज पाण्यात उतरू शकते. अशा वेळी आपल्याला दोन गोष्टी वाचवतात. एक अर्थिंग, दुसरं आरसीसीबी.

अर्थिंग म्हणजे प्लगची तिसरी, जाड पिन. गळती झालेली वीज हिच्या वाटेनं जमिनीत जाते. पण जुन्या घरांत सॉकेटला तीन भोकं असूनही मागे अर्थची वायरच जोडलेली नसते. हे नुसतं बघून कळत नाही, तपासावं लागतं. आरसीसीबी म्हणजे बोर्डवरचं ते बटण, ज्यावर 'टेस्ट' किंवा नुसतं 'टी' लिहिलेलं असतं. काही जण त्याला ईएलसीबी म्हणतात. घरगुती वापराचं आरसीसीबी ३० मिलिअँपिअरचं असतं, तेवढी वीज चुकीच्या वाटेनं गेली की ते लगेच पडतं. साधं एमसीबी हे काम करत नाही. ते वायर जळण्यापासून वाचवतं, माणसाला नाही. आरसीसीबी असेल तर महिन्यातून एकदा ते टेस्टचं बटण दाबून बघा. पडलं तर ठीक, नाही पडलं तर बदला.

गिझरला १६ अँपिअरचं सॉकेटच हवं. २००० वॅटचा गिझर जवळपास ९ अँपिअर आणि ३००० वॅटचा इन्स्टंट गिझर १३ अँपिअर वीज ओढतो. तो साध्या ६ अँपिअरच्या सॉकेटवर किंवा एक्स्टेन्शन बोर्डवर चालवला की प्लग वितळतो. प्लग काळा पडला असेल, तर ती सूचना समजा.

आणि अंघोळीआधी गिझर बंद करायची आपल्या घरातली जुनी शिस्त आहे ना, ती चालू ठेवा. अर्थिंग ठीक असेल तरीही.

वर्षातून एकदा काय करून घ्यायचं?

थंडी सुरू व्हायच्या आधी, म्हणजे नवरात्र ते दिवाळीच्या मध्ये हे काम उरका. झाकण उघडायचं काम जाणकार माणसाकडूनच करून घ्या, पण तो काय करतोय हे तुम्हाला माहीत असू द्या.

१. मुख्य बोर्डवरून गिझरची वीज बंद. नुसतं बाथरूमचं बटण नाही.
२. पाणी गार होऊ द्यायचं, मग थंड पाण्याचा अँगल कॉक बंद करून टाकी रिकामी करायची.
३. कॉइल काढून तिच्यावरचा थर साफ करायचा. बऱ्याच मॉडेलमध्ये कॉइल आणि दांडा एकाच प्लेटवर असतात, त्यामुळे दोन्ही एकदम बघून होतं.
४. थर काढायला लिंबूसत्वाचं पाणी किंवा व्हिनेगर चालतं. फरशीचं ॲसिड नको, ते धातूच खातं.
५. टाकीच्या तळाशी साचलेला गाळ धुऊन काढायचा.
६. दांडा झिजला असेल तर नवा. रबरी गॅस्केट शक्यतो नवंच, कारण जुनं परत नीट बसत नाही.
७. थर्मोस्टॅट आणि कटआउट तपासायचे, वायरची टोकं सैल किंवा जळकी नाहीत ना ते बघायचं.
८. सेफ्टी व्हॉल्व्ह मोकळा आहे ना, अडकलेला नाही ना, हे बघायचं.
९. अर्थिंग मीटरनं तपासून घ्यायचं.

सगळं परत बसवलं की आधी अँगल कॉक उघडायचा, मग गरम पाण्याचा नळ सोडायचा. त्यातून पाण्याची भरलेली धार यायला लागली, तरच गिझर चालू करायचा. टाकी रिकामी असताना बटण दाबलं तर कॉइल थोड्याच वेळात जळू शकते. पाणीकपातीच्या दिवसांत किंवा गावाहून बऱ्याच दिवसांनी परत आल्यावरही हाच नियम.

दुरुस्ती की नवा?

इथे फसवणूकही होते आणि फुकटचा खर्चही. म्हणून सोपी विभागणी लक्षात ठेवा.

पाणी तापत नाही, उशिरा तापतं, फार कढत येतं, आवाज येतो किंवा खालच्या प्लेटपाशी गळतंय, तर सहसा कॉइल, थर्मोस्टॅट, क्षार किंवा गॅस्केट यांपैकी काहीतरी असतं. हे भाग बदलता येतात. यासाठी लगेच नवा गिझर घ्यायची गरज नाही.

पण टाकीच गंजून गळत असेल, तर विषय संपला. नळातून तांबूस पाणी येणं आणि बाहेरच्या आवरणातून पाणी झिरपणं ही त्याची लक्षणं. दाबाखाली असलेल्या टाकीला वेल्डिंग किंवा एमसील करून वापरणं म्हणजे धोका घरातच टांगून ठेवणं. कॉइल पुन्हा पुन्हा जळत असेल किंवा सुटे भागच मिळत नसतील, तरीही नवा घेतलेला बरा.

नवा घेताना दुकानात काय विचारायचं?

किती लिटर? एकदोन माणसं आणि बादलीची अंघोळ असेल तर १५ लिटर पुरतो. चार माणसं लागोपाठ अंघोळ करणार असतील किंवा शॉवर असेल, तर २५. स्वयंपाकघरात भांड्यांसाठी ३ लिटरचा इन्स्टंट बरा.

किती दाब? दहा मीटर उंचीच्या पाण्याचा दाब साधारण एक बार होतो. २० मजली इमारतीत खालच्या मजल्यावर, दाब कमी करणारा व्हॉल्व्ह नसेल, तर तो ६ बारपर्यंत जाऊ शकतो. त्यामुळे उंच इमारतीत राहत असाल किंवा सोसायटीत प्रेशर पंप असेल, तर ८ बारचा गिझरच मागा.

आयएसआय चिन्ह आणि स्टार? टाकीवाल्या विजेच्या गिझरसाठी दोन्ही बंधनकारक आहेत. इथे स्टार कशाचे मिळतात, हे मात्र फार कमी जणांना माहीत असतं. बटण बंद केल्यावर तापलेल्या पाण्यातली उष्णता किती वाया जाते, यावर ते ठरतात. जास्त स्टार म्हणजे टाकीभोवतीचं आवरण चांगलं. गिझर दिवसभर चालूच ठेवला तर वीज जायचीच, पण जास्त स्टारचा असेल तर कमी जाते.

वॉरंटी कशाची? टाकीची, कॉइलची आणि बाकी भागांची वॉरंटी वेगवेगळी असते. 'टाकीला इतकी वर्षं' हा मोठा आकडा बघून निघू नका, कॉइलचं विचारा. जड पाण्याबद्दलची अट बारीक अक्षरात असते, तीही वाचा.

बसवताना जुने पाइप आणि जुना व्हॉल्व्ह परत वापरू देऊ नका. उभा गिझर आडवा बसवता येत नाही, हेही लक्षात असू द्या. भरलेल्या २५ लिटरच्या गिझरचं वजन सहज ३५ किलोच्या आसपास जातं. त्यामुळे भिंत पक्की हवी आणि तिला लोखंडी अँकर बोल्टच हवेत.

आता गॅस गिझरची वेगळी गोष्ट

मॉनच्या यंत्राला धुराडं नव्हतं, हे आपण सुरुवातीला बघितलं. तीच खोट दीडशे वर्षांनी आपल्या बाथरूममध्ये जीव घेते.

मिनिटाला ६ लिटर पाणी देणारा गॅस गिझर स्वयंपाकघरातल्या चार-पाच बर्नरइतका जाळ करतो. बंद बाथरूममध्ये, खिडकी लावून, चार बर्नर मोठ्या आचेवर पेटवून कुणी अंघोळ करेल का? गॅस गिझर बाथरूमच्या आत लावला की आपण नेमकं तेच करत असतो.

१५ मिनिटांत एवढ्या जाळाला सुमारे ३ घनमीटर हवा लागते. पाच बाय सात फुटांच्या बाथरूममध्ये एकूण हवाच ८ घनमीटरच्या आसपास असते. ऑक्सिजन कमी पडायला लागला की गॅस अर्धवट जळतो आणि कार्बन मोनॉक्साइड तयार होतो. या वायूला रंग नाही, वास नाही. सिलिंडरच्या गॅसला मुद्दाम वास घातलेला असतो, पण तो गळतीसाठी. जळून तयार झालेल्या या वायूचा इशारा नाकाला मिळतच नाही. रक्तातलं हिमोग्लोबिन ऑक्सिजनपेक्षा दोनशेहून जास्त पटीनं घट्ट याला धरतं. आधी डोकं जड होतं, चक्कर येते, मळमळतं, पायातलं बळ जातं. कडी काढायला हात उचलेपर्यंत माणूस कोसळलेला असतो.

म्हणून गॅस गिझर बाथरूमच्या बाहेरच हवा. मोकळ्या बाल्कनीत, ड्राय बाल्कनीत, जिथे हवा खेळती आहे तिथे. नुसता पाइप आत आणायचा. ड्राय बाल्कनीला काचा लावून ती बंद केली असेल, तर तीही बाथरूमसारखीच धोक्याची. जाळ निळा हवा. तो पिवळा झाला किंवा काजळी दिसली, तर वापर थांबवा आणि बर्नर साफ करून घ्या. हे काम दरवर्षी करायचंच.

कुणी आत बराच वेळ आहे आणि हाक मारली तरी ओ देत नाही, तर वाट बघू नका. दार तोडा, खिडक्या उघडा, गॅस बंद करा, त्या माणसाला मोकळ्या हवेत आणा आणि १०८ ला फोन करा. दवाखान्यात पोहोचल्यावर 'गॅस गिझर चालू होता' हे डॉक्टरांना पहिल्यांदा सांगा. कारण बोटाला लावायचं साधं ऑक्सिमीटर कार्बन मोनॉक्साइड आणि ऑक्सिजन यांत फरक करू शकत नाही. रक्तात विष भिनलेलं असतानाही त्यावरचा आकडा चांगला दिसू शकतो.

आजच बघून ठेवण्यासारख्या चार गोष्टी

मेकॅनिकला बोलवायच्या आधी तुम्ही स्वतः एवढं बघू शकता. गिझरवरच्या स्टिकरवर तो कोणत्या सालचा आहे ते बघा. प्लग काळा पडलाय का ते बघा. सेफ्टी व्हॉल्व्हचं तोंड कुणी बंद तर केलेलं नाही ना, ते बघा. आणि गॅस गिझर असेल, तर तो दाराच्या आत आहे की बाहेर, हे बघा.

या चारपैकी एकाचंही उत्तर खटकलं, तर सर्व्हिसिंगचा फोन या आठवड्यातच करा. गॅस गिझर आत असेल तर तो बाहेर हलवेपर्यंत पाणी चुलीवर, शेगडीवर, कशावरही तापवा, पण तो पेटवू नका. आणि गावाकडे आई-बाबा एकटे राहत असतील, तर पुढच्या खेपेला त्यांचाही गिझर बघून या. ते स्वतःहून सांगणार नाहीत, कारण त्यांच्या मते तो 'चालू' आहे.